कोंडाण्याच्या अठरा खोल्या

कर्जत तालुक्यातल्या शिक्षणाचा इतिहास सांगायला बसलेली माणसे बहुधा इंग्रजी अमदानीतल्या शाळांपासून सुरुवात करतात. पुढे भाई कोतवालांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळा येतात, स्वातंत्र्यानंतरची विद्यालये येतात, ठाकूर-कातकरी मुलांच्या आश्रमशाळा येतात आणि शेवटी अलीकडची महाविद्यालये. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत गोष्ट आटोपते. ही गोष्ट दोन हजार वर्षे आधी सुरू व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या वरच्या खोऱ्यात, गुरू आणि शिष्यांना एकत्र राहता यावे म्हणून कातळात कोरलेली एक इमारत आजही उभी आहे. मध्ये दालन, तीन बाजूंना मिळून अठरा खोल्या, पुढे ओसरी, थोड्या अंतरावर पाण्याचे टाके. कोंडाणे लेण्यांतला हा विहार इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानला जातो. काही अभ्यासक त्याला आणखी मागे नेतात.

लेणे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकांतात डोळे मिटून बसलेला तपस्वी येतो. कोंडाण्याचा आराखडा पाहिला की हे चित्र टिकत नाही. ज्याला एकटेच राहायचे आहे त्याला एक कपार पुरते. त्याला मध्यभागी खांबांचे दालन लागत नाही, एकाशेजारी एक दारे लागत नाहीत, आणि शेजाऱ्याच्या खोकल्याने झोपमोड होईल अशी जागा तर तो मुळीच निवडणार नाही. इथे राहणारे लोक एकमेकांसाठीच एकत्र आलेले होते. कोणी शिकवायला आले होते, कोणी शिकायला. त्या काळी विद्यापीठ ही संस्था आजच्या अर्थाने नव्हती, पण शिकण्यासाठी घर सोडून आलेल्या माणसाने कुठे राहायचे, या प्रश्नाचे उत्तर इथे दगडात कोरलेले आहे. आपल्या भागातले पहिले वसतिगृह हेच.

ही जागा का निवडली, ते नकाशा समोर ठेवला की उमगते. उल्हास नदी राजमाचीच्या दऱ्यांतून उतरते, कर्जतला वळसा घालते आणि कल्याणकडे जाते. कल्याण आणि सोपारा ही त्या काळची जागती बंदरे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात दोन्हींची नावे आहेत. बंदरातला माल घाटावर जायचा आणि घाटावरचा माल बंदरात उतरायचा. नाणेघाट, माळशेज, कुसूर, बोरघाट या सगळ्या वाटा त्या व्यापाराच्या. कल्याणहून उल्हासच्या काठाने वर आलेला तांडा कर्जतजवळ सह्याद्रीला भिडतो आणि समोर राजमाचीची भिंत उभी राहते. त्या भिंतीच्या पोटात कोंडाणे आहे. घाट चढून गेले की पलीकडे भाजे, कार्ले आणि बेडसे. खालापूरच्या दक्षिणेला सुधागडाच्या बाजूने गेले की ठाणाळे आणि खडसांबळे. नुसती नावे मांडली तरी दिसते की कोकण आणि देश यांच्या सांध्यावर, चढ-उताराच्या प्रत्येक मोठ्या वाटेजवळ, अशी एक तरी वस्ती होती.

कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भिक्षूच्या दानाची नोंद आहे. तो स्वतःला ‘भाणक’ म्हणवतो, म्हणजे ग्रंथ मुखोद्गत करून म्हणणारा, आणि एका थेराचा, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूचा, शिष्य म्हणवतो. सोपाऱ्याहून कार्ल्याला जाणाऱ्या माणसाला याच डोंगररांगेतून वर चढावे लागते. बोरघाट म्हटले की आपल्याला खालापूर तालुक्यातली उंबरखिंड आणि १६६१ सालचा शिवाजी महाराजांचा विजय आठवतो, किंवा १८६३ मध्ये सुरू झालेली घाटातली रेल्वे आठवते. त्याच डोंगरातून पाठांतराची विद्याही ये-जा करत होती, हे आठवणाऱ्यांची संख्या फार थोडी.

दुसरे कारण पावसाचे. आपल्याकडचा पाऊस काय असतो हे कर्जत-खालापूरच्या माणसाला सांगायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी या पट्ट्यात कोसळते आणि त्यातले बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बौद्ध भिक्षूंनी एके ठिकाणी फार काळ राहू नये, गावोगाव फिरावे, असा मूळचा दंडक. पण पावसाळ्यातही ते हिंडत राहिले तेव्हा लोकांनी तक्रार केली की हे लोक हिरवे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात. मग आषाढाच्या पौर्णिमेनंतर तीन महिने एकाच जागी मुक्काम करायचा असा नियम झाला. हाच वर्षावास. भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकात ही हकीकत आहे. भाताची लावणी झालेल्या खाचरातून परका माणूस चालत गेला तर शेतकऱ्याला काय वाटते ते ज्याला ठाऊक आहे, त्याला हा नियम कुठून आला हे लगेच समजेल.

तीन महिने एका जागी राहायचे म्हणजे छप्पर हवे. हे छप्पर आधी लाकडाचे, कुडाचे, गवताचे असे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने भिक्षूंसाठी एका दिवसात साठ झोपड्या उभारून दिल्याची कथा त्याच ग्रंथात येते, आणि राहायला चालतील अशा पाच प्रकारच्या निवाऱ्यांत गुहेचेही नाव आहे. सह्याद्रीच्या पावसापुढे लाकूड-गवत किती टिकणार? इथे काळा कातळ भरपूर आणि तो कोरणारे हातही होते. तेव्हा पश्चिम घाटात विहार दगडात शिरले. महाराष्ट्रात जितकी लेणी आहेत तितकी देशात दुसरीकडे कुठेही नाहीत, त्याचे निम्मे श्रेय मी या पावसाला देतो.

आता आत शिरू.

लेण्यांसमोर उभे राहिले की उजवीकडे-डावीकडे पसरलेली एक सलग रांग दिसते. सगळ्यात देखणे आहे ते चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा. पुढच्या खांबांपासून मागच्या गोलाईपर्यंत साडेसहासष्ट फूट लांब, २६ फूट ८ इंच रुंद आणि कमानीच्या माथ्यापर्यंत २८ फूट ५ इंच उंच. आत साडेनऊ फूट व्यासाचा स्तूप. दर्शनी भागावर कठड्याची नक्षी, छोट्या कमानी आणि नाचणाऱ्या जोड्यांची शिल्पे. बहुतेक पाहुणे इथेच थबकतात, फोटो काढतात आणि विहारात नुसते डोकावून परत फिरतात. मला वाटते त्यांनी उलट करावे. चैत्यगृह भाज्यालाही आहे, कार्ल्याला तर याहून कितीतरी भव्य आहे. कोंडाण्याचे खरे वैशिष्ट्य शेजारच्या विहारात आहे.

जेम्स बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकात या विहाराची फूटपट्टी लावून मापे घेतली. पुढे १८ फूट लांबीची ओसरी, तिला अष्टकोनी खांब. ओसरीतून आत जायला तीन दारे, बाजूंना खिडक्या. आतले दालन २३ फूट रुंद, २९ फूट खोल आणि जेमतेम सव्वाआठ फूट उंच. भिंतींपासून साडेतीन फूट आत सरकवलेले पंधरा खांब. डावीकडे सहा खोल्या, समोर सहा, उजवीकडे सहा. प्रत्येक खोलीत दगडाचा एक ओटा. हा भिक्षूचा पलंग. प्रत्येक बाजूच्या पहिल्या खोलीत मात्र दोन ओटे. चौदा दारांवर घोड्याच्या नालेसारख्या कमानी कोरलेल्या आहेत आणि त्या कमानींना जोडणारी कठड्याची पट्टी भिंतभर धावते.

छताकडे पाहावे. दगडी छतात तुळया कोरलेल्या आहेत, १९ इंच खोल आणि ८ इंच जाड, साडेतीन-साडेतीन फुटांच्या अंतराने. त्यांच्यातून आडव्या पट्ट्या गेल्या आहेत. या तुळया कोणताही भार पेलत नाहीत, कारण वर अखंड डोंगर आहे. मग त्या कशासाठी? कोरणाऱ्याच्या मनात लाकडी इमारत होती म्हणून. त्याने लहानपणापासून पाहिलेला विहार लाकडाचा होता, तुळया-वाशांचा होता, आणि विहार म्हणजे असाच दिसायला हवा अशी त्याची धारणा होती. तेव्हाचे लाकडी विहार केव्हाच कुजून गेले. एकही उरला नाही. ते आतून कसे दिसत, छत किती उंच असे, दोन तुळयांमध्ये अंतर किती ठेवत, हे आज आपल्याला कळते ते अशा दगडी नकलांवरून, आणि त्या नकलांमध्ये कोंडाण्याचा क्रमांक फार वरचा आहे. खांबांचे दालन असलेला इतका जुना विहार शोधायचा तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडतील.

हे काम वरून खाली होत असे. आधी छत, मग खांबांचे माथे, मग हळूहळू जमीन. पाया घालून भिंत चढवणाऱ्या गवंड्याला चूक दुरुस्त करता येते, दगड बदलता येतो. इथे छिन्नीचा एक घाव जास्त पडला तर खांब गेला. अठरा खोल्यांची दारे एका रेषेत आणायची, ओटे एका मापाचे ठेवायचे, पंधरा खांब समान अंतरावर सोडायचे आणि हे सगळे अंधारात, डोंगराच्या पोटात शिरत शिरत करायचे. त्या कारागिरांच्या डोक्यात पूर्ण इमारत आधीच उभी असणार, त्याशिवाय हे शक्य नाही.

मोठ्या विहाराच्या पलीकडे आणखी एक साधा विहार आहे, नऊ खोल्यांचा, पुढचा भाग पार ढासळलेला. त्यापुढे कड्याच्या पोटाखाली नऊ खोल्यांची एक ओळ. मग टाके आणि खडकाच्या पुढे आलेल्या कपाळाखाली दोन खोल्या. बेरीज केली तर ३८ खोल्या होतात. वर्षावासात या भरलेल्या असतील तेव्हा इथे चाळीस-एक माणसे तरी नांदत असणार. तेव्हाच्या डोंगरातली ही चांगली मोठी वस्ती.

इथे राहणाऱ्यांचा दिवस कसा जाई, त्याचे नियम विनयपिटकात इतके बारीक दिले आहेत की वसतिगृहाची नियमावलीच वाचतो आहोत असे वाटते. शिष्याने पहाटे गुरूच्या आधी उठावे. दात घासायला काडी द्यावी, तोंड धुवायला पाणी द्यावे, आसन मांडावे. पेज असेल तर भांडे धुऊन पेज द्यावी. खोली अस्वच्छ असेल तर झाडावी. झाडण्याआधी पात्र, चीवर, चटई, पलंग बाहेर काढावा, तो काढताना दाराला घासू नये. चटई उन्हात टाकावी. पात्र ठेवताना एका हातात पात्र धरून दुसऱ्या हाताने पलंगाखाली चाचपून पाहावे, मगच ठेवावे. थंडीच्या दिवसांत खिडक्या दिवसा उघड्या आणि रात्री बंद, उन्हाळ्यात दिवसा बंद आणि रात्री उघड्या. पिण्याचे पाणी संपले असेल तर भरून ठेवावे. कोंडाण्याच्या त्या ओट्यांकडे, खिडक्यांकडे, टाक्याकडे पाहताना ही वाक्ये आठवली की खोल्या रिकाम्या राहत नाहीत.

या नियमांची दुसरी बाजू मला जास्त मोलाची वाटते. शिष्य आजारी पडला तर गुरूने हीच सगळी सेवा त्याची करायची आहे. दात घासायची काडी, तोंड धुवायला पाणी, खोलीची झाडलोट, सगळे, आणि तो उठून हिंडू लागेपर्यंत. गुरूने शिष्याला मुलासारखे आणि शिष्याने गुरूला वडिलांसारखे मानावे, असे तिथे सांगितले आहे. हाताशी पात्र नसेल, चीवर नसेल तर ते मिळवून देण्याची जबाबदारीही गुरूची. शिक्षण म्हणजे एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे एवढाच व्यवहार त्यांनी मानला नाही. एका छपराखाली राहणे, एकमेकांचे करणे हा त्या शिक्षणाचाच भाग होता, म्हणून तर राहण्याच्या जागेचा इतका विचार झाला. दीक्षा घेतलेल्या नव्या भिक्षूने निदान पाच वर्षे गुरूच्या आश्रयाने राहावे, असा दंडक होता. पाच वर्षे म्हणजे आजच्या पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाइतका काळ.

खोल्या कोणी कोणाला द्यायच्या यावर भांडणे होऊ नयेत म्हणून संघात त्यासाठी एक भिक्षू नेमलेला असे. वर्षावास सुरू होताना तो ज्येष्ठतेनुसार जागा वाटून देई. सातव्या शतकात नालंदेत राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूनेही दरवर्षी पावसाळ्याआधी खोल्यांचे वाटप होते असे लिहून ठेवले आहे. नियम शेकडो वर्षे टिकला.

आणि अभ्यास? तो सगळा तोंडी. श्रीलंकेत पाली ग्रंथ प्रथम लिहून काढले गेले ते इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, म्हणजे साधारण कोंडाणे कोरले जात होते त्याच सुमारास. इथल्या भिक्षूंचे ग्रंथ त्यांच्या कंठात होते. भाणकांचे गट असत; एक गट दीर्घ सुत्ते पाठ करणारा, दुसरा मध्यम लांबीची. एकट्याने पाठांतर होत नाही, चूक दाखवायला दुसरा लागतो, गळलेला शब्द पुरवायला तिसरा लागतो. सव्वाआठ फूट उंचीच्या त्या दगडी दालनात वीस माणसे एका सुरात म्हणत बसली असतील तेव्हा आवाज कसा घुमत असेल याची कल्पना तिथे उभे राहिल्यावरच येते. दालन मध्ये आणि खोल्या भोवती, या रचनेचे कारण मला याच अभ्यासपद्धतीत दिसते. झोपायला आपापली खोली, शिकायला सगळ्यांची एक जागा.

आता इथला सर्वांत मोठा ठेवा.

चैत्यगृहाच्या दर्शनी भागाला, डाव्या अंगाला, एका भव्य यक्षाचे भग्न मस्तक आहे. चेहरा गेला आहे, पण डोईवरचे वेष्टन ओळखू येते. त्या मस्तकाशेजारी ब्राह्मी लिपीतली एक ओळ आहे: ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कण्हाचा, म्हणजे कृष्णाचा, अंतेवासी बलक याने केले. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा.

ही ओळ किती वेगळी आहे ते कळायला इतर लेण्यांतले लेख पाहावे लागतात. कार्ले, नाशिक, जुन्नर, कान्हेरी इथल्या लेखांत दाते बोलतात. अमक्या श्रेष्ठीचे दान, तमक्या राणीचे दान, धेनुकाकटच्या यवनाचा खांब, वैजयंतीच्या भूतपालाने पुरे केलेले शैलगृह. पैसा कोणी दिला ते आपल्याला कळते, हात कोणाचे होते ते बहुधा कळत नाही. कोंडाण्याच्या या ओळीत दान नाही, राजा नाही, सावकार नाही. ‘केले’ असे साधे क्रियापद आहे आणि दोन माणसे आहेत, एक गुरू आणि एक शिष्य. त्यातही गुरूचे नाव आधी. नाशिकच्या लेण्यात कण्ह नावाच्या सातवाहन राजाचा उल्लेख येतो, त्याच्याशी या कण्हाची गल्लत करू नये. हे नाव तेव्हा सर्रास ठेवले जात असे.

बलक हा भिक्षू होता की शिल्पकाराच्या हाताखाली शिकणारा तरुण, यावर अभ्यासकांची दोन मते आहेत. अंतेवासी हा शब्द मठातल्या शिष्याला लावत तसा कारागिराकडे राहून हुन्नर शिकणाऱ्या उमेदवारालाही लावत. मला हा वाद सुटला नाही तरी चालेल असे वाटते. भिक्षू असला तर तो इथल्याच एखाद्या ओट्यावर निजला असणार. शिल्पी असला तर त्याने ते ओटे घडवले असणार. दोन्ही अर्थांनी तो विद्यार्थी आहे, आणि कर्जत तालुक्यात ज्याचे नाव त्याच्या स्वतःच्या काळापासून लेखी टिकून आहे असा तो सर्वांत जुना विद्यार्थी आहे. आपल्या मुलांना हे नाव माहीत नसावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

याच तालुक्यात दुसरा विहार आहे, जांबरूंगजवळ आंबिवलीला. नदीकाठच्या टेकाडात कोरलेला. तो कोंडाण्यानंतरचा. दालन प्रशस्त, ४२ फूट बाय ३९ फूट आणि दहा फूट उंच. तीन बाजूंना चार-चार, अशा बारा खोल्या. कोंडाण्यातल्या दालनात खांबांची गर्दी आहे. आंबिवलीला दालन मोकळे आणि तीन भिंतींच्या कडेने बसायला सलग बुटका बाक कोरलेला. दाट खांबांमुळे एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत ही अडचण कोणाला तरी जाणवली असणार आणि पुढच्या विहारात त्यांनी ती दूर केली, असा माझा कयास आहे. पुढे आंबिवलीला गोसावी-जोगी राहू लागले, नव्या देवतांच्या मूर्ती आल्या. जागा बदलत्या श्रद्धांबरोबर वापरात राहिली.

कोंडाण्याचे तसे झाले नाही. कान्हेरीला, अजिंठ्याला पुढच्या शतकांत बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या, जुन्या विहारांत नवी देवघरे आली. कोंडाण्याला ते नंतरचे काम दिसत नाही. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला तेव्हा त्याने शंभराच्या आसपास संघाराम, म्हणजे मठ, आणि पाच हजार भिक्षू असल्याचे लिहिले, म्हणजे परंपरा जिवंत होती, पण तिचा ओघ कोंडाण्यापासून दूर गेला होता. इथले जुने रूप पुसले गेले नाही, हा मात्र आपला लाभ.

आराखडा मात्र फार दूर गेला. मध्ये मोकळी जागा आणि तिच्याभोवती खोल्या, प्रत्येक खोलीत निजायची सोय, ही रचना पुढे नालंदेला विटांत दिसते. नालंदेचा महाविहार पाचव्या शतकातला, गुप्तांच्या काळातला. उत्खननात तिथे असे अकरा विहार उघडे झाले. कोंडाणे त्याच्याही चार-पाचशे वर्षे आधीचे. युरोपात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातला जो चौक विद्यापीठीय निवासांतल्या सर्वांत जुन्यांपैकी म्हणून दाखवतात, तो तेराव्या-चौदाव्या शतकातला आहे. ही तुलना मी बढाईसाठी करत नाही. शिकणाऱ्या माणसाला निवारा देण्याची गरज जगभर सारखीच होती, आणि तिचे एक फार जुने, सुबक उत्तर आपल्या तालुक्यात आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

मधली हजार-दीड हजार वर्षे लेणी रानात झाकलेली राहिली. आसपासच्या गुराख्यांना आणि राजमाचीला ये-जा करणाऱ्यांना ती ठाऊक असणारच. वर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले जागते होते तोवर ही वाट वाहती होती. विद्वानांच्या जगात कोंडाणे आले ते एका मराठी पंडितामुळे. १८४८ मध्ये मुंबईत लेण्यांच्या नोंदीसाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याच्या कामात विष्णुशास्त्री बापट या पंडितांचा मोठा वाटा होता. लेण्यांतले लेख लावून वाचण्याची खटपट त्यांनी केली. कोंडाण्याकडे पहिले लक्ष त्यांनीच वेधले. त्यानंतर ठाण्याचे कलेक्टर लॉ तिथे जाऊन आले. पुढे १८८० मध्ये फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा भारतातल्या लेण्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला, त्यात कोंडाण्याची मापे आली, आणि लेण्यांना बर्जेस यांचे नाव चिकटले. विष्णुशास्त्र्यांचे नाव मागे पडले. कोंडाण्याच्या फलकावर त्यांचे नाव असायला हवे.

कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, म्हणून कोंडाण्याची माहिती १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये सापडते. १८९१ मध्ये कर्जत कुलाबा जिल्ह्यात आले, आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. अभ्यासकांनी जुनी माहिती रायगडच्या पुस्तकांत शोधली तर हाती काही लागत नाही, ते याचमुळे.

बर्जेस यांच्या काळातच चैत्यगृहाच्या खांबांचे पाय ओलीने झिजून गेले होते, काही खांबांचे नुसते माथे छताला लटकत होते. कमानीतल्या लाकडी जाळीचा एक तुकडा तेव्हा शिल्लक होता. आज लेणी संरक्षित आहेत. तरी पावसाळी शनिवार-रविवारी धबधबा पाहायला येणाऱ्यांची झुंबड उडते आणि तिचे ओरखडे भिंतींवर राहतात. रंगाने लिहिलेली नावे, बाटल्या, चुली पेटवल्याचा धूर. धबधब्याला माझा विरोध नाही, तो सुंदरच आहे. पण त्याच्यामागे जे उभे आहे ते एकदा बिघडले की पुन्हा उगवणार नाही. एका पहारेकऱ्याने ही गर्दी आवरणार नाही. कोंदिवडे-कोंडाण्याच्या ग्रामस्थांना, तिथल्या तरुण वाटाड्यांना या कामात पगारी जागा दिली तर लेणीही जपली जातील आणि चार घरांत पैसाही जाईल.

शाळांकडून मात्र माझी अपेक्षा मोठी आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत आश्रमशाळांची वसतिगृहे आहेत. घरापासून दूर, डोंगराच्या आडोशाला, एका खोलीत निजून शिकणारी ठाकूर-कातकरी मुले तिथे आहेत. पाण्याची तक्रार, जागावाटपाची कुरबुर, आजारी पडल्यावर कोणी विचारील का ही धाकधूक, हे सारे त्यांच्या रोजच्या ओळखीचे. कोंडाण्याचा विहार आणि तिथले नियम या मुलांना इतर कोणाहीपेक्षा लवकर कळतील. वर्षाची सहल खोपोलीजवळच्या पाळण्यांकडे जाते तशी ती एकदा इकडे वळावी.

कर्जत आणि खालापूरच्या मुख्याध्यापकांना आणि आश्रमशाळांच्या अधीक्षकांना माझी विनंती आहे: दिवाळीनंतर, वाट कोरडी झाली की, मुलांना कोंडाण्याला न्या. सोबत एक चांगली विजेरी ठेवा, खोल्या आणि ओटे त्यांना मोजू द्या, आणि निघण्याआधी वर्गात फळ्यावर बलकाचे आणि त्याच्या गुरूचे नाव लिहा.